गवंड्यांच्या पोरांनी घातलेला पाया

सरकारने स्वतः पाठवलेली, दारात येऊन पडलेली वस्तू ताब्यात घ्यायला घाबरणारी शहाणीसुरती माणसं तुम्ही कधी जवळून पाहिली आहेत का? मी दोन वर्षं पाहिली. त्यांच्यात एकही चोर नव्हता, हे आधीच सांगून टाकते. असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. फुलपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत वडिलांचं टेबल खिडकीला लागून होतं. दिवसा ते मुंबईत एका कचेरीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहीत. नळाला पाणी नाही म्हणून, बिल्डरने बाग गिळली म्हणून, रेशनवर रॉकेल मिळत नाही म्हणून. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. वडिलांच्या पत्रकांत एक बाजू आपली असे आणि एक त्यांची, मधे रस्ता. जगाची रचना अशीच असते, याबद्दल मला शंका नव्हती.

नव्वदचं दशक संपता संपता मी सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कातारी व्यवसायाला प्रवेश घेतला. कातारी म्हणजे टर्नर, लेथ मशीनवर लोखंड कातणारा. घरी वाद झाले नाहीत. कामगारांसाठी लिहिणाऱ्या माणसाची मुलगी कामगार होणार, यावर वडील काय बोलणार? आई एवढंच म्हणाली, "केस घट्ट बांधून जात जा."

संस्था मोठी होती. जोडारी म्हणजे फिटर, संधाता म्हणजे वेल्डर, वीजतंत्री, गवंडी, नळ कारागीर, मोटार मेकॅनिक, शिवणकाम. दोन पाळ्या, लांबलचक शेड्स आणि शेकडो मुलं. अर्नाळ्याहून, कळंबहून, वसईच्या वाड्यांमधून, नालासोपाऱ्याच्या चाळींतून आलेली. एवढ्या पसाऱ्याला प्रमुख कोण, हे पहिल्या महिन्यात मला कळलंच नाही. प्राचार्यांची खोली होती, खोलीबाहेर स्टूल होतं, स्टुलावर शिपाई होता. प्राचार्य मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. त्यांची खरी नेमणूक दुसऱ्या तालुक्यातल्या संस्थेत होती. आमची आणि आणखी एक, अशा दोन संस्थांचा त्यांच्याकडे 'अतिरिक्त कार्यभार' होता. उपप्राचार्यांची जागा रिकामी होती. भांडारपाल निवृत्त झाला होता आणि त्याचं काम हेडक्लार्क सांभाळत होते. त्यांचं स्वतःचं काम कोण सांभाळत होतं, देव जाणे. म्हणजे बहुतेक माणसं दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीवर बसली होती, आणि दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलेला माणूस पाय पसरत नाही.

आमच्या शेडमध्ये चार जुनी लेथ मशिनं होती. दोन चालायची. त्यांच्यामागे भिंतीला लावून दोन मोठ्या लाकडी पेट्या उभ्या होत्या. त्यांत दोन नवी मशिनं होती. आमच्या प्रवेशाच्या आधीपासून ती तिथे होती. खंडेनवमीला आम्ही शेड झाडली, मशिनं पुसली, झेंडूच्या माळा घातल्या. आमच्या सरांनी त्या पेट्यांनाही माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं आणि पेटीच्या फळीवरच नारळ फोडला.

माझ्या शेजारी अर्नाळ्याचा एक मुलगा उभा होता. आम्ही दोघं एकाच मशीनवर आळीपाळीने शिकायचो. तो कोळ्यांचा होता, घरी होडी होती, पण त्याला कारखान्यात लागायचं होतं. प्रसादाचं खोबरं चावत तो म्हणाला, "देव पेटीत, भक्त बाहेर. आमच्या देवलात निदान दार तरी उघडतात, बाय."

आम्ही हसलो. दिवाळीनंतर हसू गेलं. आमची तुकडी नव्याने सुरू झालेली होती आणि तिला अजून दिल्लीची मान्यता नव्हती. मान्यता मिळाली, तर आम्ही अखिल भारतीय परीक्षेला बसणार. नाही मिळाली, तर राज्याचं प्रमाणपत्र हातात घेऊन बाहेर पडणार, आणि ते प्रमाणपत्र बघून मोठ्या कारखान्याचा गेटमन सुद्धा खुर्ची देत नाही असं सगळे म्हणत. मान्यतेसाठी तपासणी पथक उन्हाळ्याच्या आधी येणार होतं. चालू स्थितीतली चार मशिनं त्यांना दिसायला हवी होती. आमच्याकडे दोन होती, आणि दोन पेटीत.

मी सरांना विचारलं, "पेट्या का उघडत नाही?"

सर पन्नाशीचे होते, अंगाने किरकोळ, शिकवण्यात चोख. ते म्हणाले, "उघडल्या की मोजणी होते. मोजणी झाली की कुणीतरी ताब्यात घेतल्याची सही करतो. सही केली की ती वस्तू त्याच्या गळ्यात. माझ्याआधी इथे जे होते, त्यांचे दोन मायक्रोमीटर हरवले. निवृत्त होऊन किती दिवस झाले, अजून पेन्शनसाठी खेटे घालताहेत."

"पण मशीन कोण चोरणार सर? उचलायला क्रेन लागेल."

"मशीन नाही गं. त्याच्याबरोबर चक असतो, पाने असतात, टूल असतात. शंभर बारक्यासारक्या गोष्टी. त्यांना पाय फुटतात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला वाटत असेल, सर भित्रे आहेत."

मला तसंच वाटत होतं. मी हेडक्लार्ककडे गेले.

हेडक्लार्क म्हणाले, तांत्रिक वस्तू तांत्रिक माणसानेच ताब्यात घ्यायची असते, ते कारकून आहेत. मग मी शुक्रवारी प्राचार्य मॅडमच्या खोलीबाहेर उभी राहिले. आत बोलावलं तेव्हा त्या पर्समधून रबरी शिक्के काढत होत्या. तीन शिक्के, तीन संस्थांचे. चुकू नये म्हणून प्रत्येकाच्या मुठीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. आमचा हिरवा होता.

"तूच ती पत्रकवाली?" त्यांनी विचारलं. माझी कीर्ती पोचली होती. "काढ की मग पत्रक. कुणाविरुद्ध काढशील?"

"तुमच्याविरुद्ध," मी म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. "काढ. मी मंगळवार आणि शुक्रवार सोडून इथे नसते, त्यामुळे घेराव घालणार असशील तर वार बघून घाल. खरं सांगू? मी आज पेट्या उघडायचा आदेश दिला, तर सर रजेवर जातील. आदेश देता येतो गं. तो पाळणारा माणूस नेमण्याचा अधिकार माझ्याकडे नाही."

त्या संध्याकाळी वडिलांच्या टेबलावर बसून मी लिहायला घेतलं. '...चा जाहीर निषेध' एवढं लिहिलं आणि आधीच्या टिंबांच्या जागी कुणाचं नाव घालावं ते सुचेना. सरांचं? क्लार्कचं? मॅडमचं? वडिलांनी खांद्यावरून वाचलं.

"नाव कुठंय?"

"सापडत नाही, बाबा."

"मग लोक वाचणार नाहीत," ते म्हणाले आणि दिवा माझ्याकडे सरकवून झोपायला गेले. मी तो कागद तसाच ठेवून दिला. मला त्या दिवशी पहिल्यांदा थकल्यासारखं वाटलं. मोर्च्यात चालून पाय दुखतात ते वेगळं. हे वेगळं होतं.

मॅडमनीच शेवटी वाट काढली. त्यांनी पाच जणांची समिती नेमली. पेट्या समितीने उघडायच्या, सामान समितीने मोजायचं, जबाबदारी पाच जणांत वाटली जाईल म्हणजे कुणाच्याच गळ्यात पूर्ण पडणार नाही. सरांचा चेहरा उजळला. पण पाचही जण एकदम हजर असल्याशिवाय खिळा काढायचा नाही असं ठरलं, आणि पाच सरकारी माणसं एका शेडमध्ये एका वेळी जमणं म्हणजे काय, ते आम्हाला कळलं. एक जण मतदार याद्यांच्या कामाला, एकाच्या घरी लग्न, एकाची बैठक ठाण्याला. आम्ही रोज पेट्यांकडे बघून कानशीने लोखंड घासत राहिलो. अर्नाळ्याचा म्हणायचा, "मयत उचलायची असती, तर चार जनांत उचलली असती यांनी."

जानेवारी संपताना पाचही जण जमले. पेट्या उघडल्या. आत ग्रीसमध्ये माखलेली दोन मशिनं निघाली, एकही ओरखडा नसलेली. सामान एक एक करून मोजलं गेलं, सगळं भरलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग सरांनी कपाळाला हात लावला. मशीन जमिनीवर नुसतं ठेवून चालत नाही. त्याला काँक्रीटचा पाया लागतो, वीज लागते. पाया घालणं बांधकाम खात्याचं काम. वीज जोडणं त्यांच्याच वीज विभागाचं. त्यांना कळवलं होतं, उत्तर आलं नव्हतं. आणि पथक आता आठवडाभरावर आलं, अशी बातमी होती. मग ते फेब्रुवारीअखेर ढकललं गेलं.

अर्नाळ्याच्या पोराने बाहेर बोट दाखवलं. समोरच्या मैदानात गवंडी व्यवसायाची मुलं भिंत बांधत होती. ती भिंत दर महिन्याला बांधायची आणि पुन्हा पाडायची, सरावासाठी. "ती पोरं काय करतात? आनि पलीकडे वीजतंत्रीची दोन तुकड्या भरून पोरं. बाय, कोनाची वाट बघतो आपन?"

इतकं उघड होतं, की आम्हाला लाज वाटली नाही, राग आला. मंगळवारी आम्ही तिघं-चौघं मॅडमकडे गेलो. त्यांनी खिडकीबाहेर त्या भिंतीकडे बघितलं.

"विद्यार्थ्यांनी केलं तर ते काम नाही, सराव," त्या म्हणाल्या. "सरावाला बांधकाम खात्याची परवानगी लागत नाही. पाया घालणे हा गवंडीच्या अभ्यासक्रमात धडा आहे ना? मग तो धडा कातारीच्या शेडमध्ये घ्या." आणि हिरव्या दोऱ्याचा शिक्का त्यांनी स्वतः मारला.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. ती संस्था त्या दिवसांत संस्था होती. गवंडीच्या पोरांनी खड्डे खणले, बोल्ट नीट बसावेत म्हणून फळीचा साचा केला तो आमच्याच जोडारीच्या मुलांनी. वीजतंत्रीची पोरं केबल ओढून गेली, अर्थिंग करून गेली, आणि त्यांचे सर मागे उभे राहून प्रत्येक जोड तपासत होते. रविवारी शेड बंद असे, पण काँक्रीटला पाणी मारायला हवं. अर्नाळ्याचा एसटीने यायचा. "पानी मारायला कोनी तरी पायजे," म्हणायचा, "आमी पान्यातलीच मानसं."

सरांनी मशीन लेव्हलमध्ये घेतलं, बोल्ट आवळले, आणि बटण दाबलं. पहिल्या दांड्यावरून लोखंडाचा निळसर किस गुंडाळत बाहेर आला. सर म्हणाले, "चालतं." एवढंच. आणि चष्मा पुसत बसले.

पथक आलं. दोन साहेब, एक फाईल सांभाळणारा. आम्ही चारही मशिनं चालू करून दाखवली. त्यातले मोठे साहेब भले होते; त्यांनी मला माप विचारलं, मी सांगितलं, ते हसले. मग त्यांनी विचारलं, "पाया कुणी घातला?"

कुणी खोटं बोललं नाही. आम्हाला त्याचा अभिमान होता.

"म्हणजे सक्षम अधिकाऱ्याचा दाखला नाही," ते म्हणाले. "मशीन चालू आहे, मला दिसतंय. पण मला ते चालू धरता येत नाही."

अर्नाळ्याचा पुढे सरकला. "साहेब, हात लावून बघा ना. हालतंय का?"

"हालत नाहीये, बाळा," साहेब म्हणाले, आणि पुढच्या शेडकडे गेले.

आमच्या तुकडीला मान्यता मिळाली नाही. मॅडमकडून खुलासा मागवला गेला आणि पावसाळ्याआधी आमच्या संस्थेचा कार्यभार दुसऱ्या कुणाकडे गेला. पुढच्या वर्षी बांधकाम खात्याच्या कंत्राटदाराची माणसं आली. त्यांनी तो पाया फोडला, शेजारीच तेवढाच पाया घातला, दाखला मिळाला, आणि आमच्यानंतरच्या तुकडीला मान्यता मिळाली. मला त्यांचा हेवा वाटला नाही. फोडताना तो पाया फुटता फुटत नव्हता, असं सरांनी मला रस्त्यात भेटल्यावर सांगितलं. त्यांच्या आवाजात आनंद होता का दुःख, मला ओळखता आलं नाही.

मी वसई पूर्वेच्या एका गाळ्यात काही वर्षं लेथ चालवली. कुणी प्रमाणपत्र विचारलं नाही, म्हणून पगारही कुणी फारसा दिला नाही. अर्नाळ्याचा मोठ्या कारखान्यांत अर्ज करून दमला. आता होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. चांगली करतो. त्याला कारखान्यात जायचं होतं, हे तो आता बोलत नाही.

पत्रकं मी अजून लिहिते. पण त्या दिवसाचा विचार करताना मला आधी साहेबांचं वाक्य आठवत नाही, आठवते ती शेड. चार मशिनं चालू, आणि ती चालू आहेत हे बघणारे फक्त आम्ही आणि ते. आमच्यापैकी कुणाचे आईवडील तिथे नव्हते. माझे वडीलही नव्हते. त्यांना रजा मिळाली असती, मीच मागितली नाही. गावातला एक शिक्षक, वसईतला एक बागायतदार, गाळ्यांचा एक मालक, कुणीही नव्हतं. जे फक्त दोन बाजूंच्या डोळ्यांसमोर चालतं, ते बंद धरणं सोपं जातं.

म्हणून वाचणाऱ्याला एक विनंती आहे. तुमच्या जवळच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत पुढची तपासणी कधी आहे, ते फोन करून विचारा. त्या दिवशी अर्धी रजा टाका आणि परवानगी मागून शेडमध्ये जाऊन उभे राहा. घोषणा नकोत, निवेदन नको. मुलं मशीन चालवत असतील, ती बघा, आणि तपासणारा निघून जाईपर्यंत तिथून हलू नका.