फड्याच्या बोंडांची आंबील

दुस्काळाचं साल व्हतं. राज्य म्हाराजांचं, पर पाऊस कुणाच्या राज्यात ऱ्हातोय व्हय? मी तवा नवी सून, कोडोलीच्या अंगाला दिलेली. घरात मी, सासू आणि सासरा. मालक पन्हाळ्याच्या वाटंला खडी फोडाय गेलतं. तिथं एक दीस माणूस उठला की त्याच्या जागंवर दुसरा बसायचा. त्या एका जागंवर आमच्या चौघांचं प्वाट.

आमच्या घरात रीत अशी, सुनेनं सासऱ्याम्होरं त्वांड उघडायचं न्हाय. काय सांगायचं ते सासूला सांगायचं, मग सासू त्यास्नी सांगणार. पर सासूला ऐकू कमी. मी दाराआडनं वरडायची, "आत्याबाई, मामंजींस्नी इचारा, पाणी पायजे का?" मामंजी बाजल्यावर पडून समदं ऐकायचं. तरीबी आत्याबाई परत सांगुस्तवर गप. मग म्हणायचं, "व्हय, आण म्हणावं." एका तांब्या पाण्याला एवढी कचेरी.

त्या साली हिरवं पान कुठं दिसंना. नाचण्याच्या पातळ आंबिलीवर किती दीस काढणार? मामंजींच्या हिरड्या सुजल्या, त्यातनं रगात याय लागलं, दात हलाय लागलं. पायावर काळंनिळं डाग. उठायचं बंद झालं. गल्लीतली दोन म्हातारी माणसं असलंच होऊन गेलती. आत्याबाई रोज सकाळी मामंजींच्या नाकाम्होरं हात धरून बघायच्या. मामंजी डोळं मिटूनच म्हणायचं, "हाय अजून. चुलीकडं जा."

एक दीस पेठ वडगावची बांगड्या भरणारी मुसलमानाची मावशी आली. त्या साली बांगड्या कोण भरतंय? ती आमच्या परड्यात फड्या निवडुंगाच्या कुंपणापाशी बसली आणि त्याची तांबडी बोंडं खाय लागली.

मी म्हणलं, "मावशे, त्यो फड्या आमी म्हशीला भाजून घालतोय की!"

"मग म्हस हुभी हाय, आणि तुमी पडाय आलाय," ती म्हणली. "बस हितं."

मी लई शाणी. तिनं काय सांगायच्या आदीच एक बोंड उचलून दातानं सोललं. जिभंत बारीक कुसं घुसली. मावशीनं ती एकेक करून काढली, पर काढताना हसून हसून तिचाच हात हलायचा.

मग तिनं रीत दावली. बोंड चिमट्यानं तोडायचं, हात लावायचा न्हाय. वाळूत टाकून गवताच्या बोळ्यानं घोळसायचं. मग इंगळावर फिरवायचं, म्हंजे ऱ्हायलेली कुसं चरचरून जळत्यात. चिरून गर काढायचा आणि चिंधीतनं गाळायचा. बिया गिळायच्या न्हाईत, न्हाय तर प्वाट असं धरतंय की परसाकडं बसून समदं देव आठवत्यात. कवळं पान असलं तर काटं छाटून, भाजून, उकडून भाजी करायची. "रगात भरतंय, डांग्या खोकल्यालाबी देत्यात," ती म्हणली. जाता जाता वळून म्हणली, "आणि दुसऱ्या दिशी लघवीला तांबडं हुतंय. भिऊ नगंस."

मामंजी कुंपणाचं खाणार न्हाईत, हे मला ठावं. मी रस आंबिलीत कालवला आणि दाराआडनं वरडले, "आत्याबाई, आंबिलीत आमसूल घातलंय!" मामंजींनी वाटी चाटून पुसून ठेवली. "सुनेच्या हाताला आत्ता चव आली म्हणावं."

तिसऱ्या दिशी आत्याबाईंनी बाजल्याखालचं लघवीचं गाडगं उचललं आणि किंकाळीच फोडली. आत समदं तांबडंलाल. "रगात गेलं गं बाई! आता ह्यो माणूस ऱ्हात न्हाय!"

मामंजींनी वाकून बघितलं आणि लगीच मरायच्या तयारीला लागलं. "पोराला बोलवा. म्हस लेकीला द्या. माझा पटका भावकीतल्या कुणाला देऊ नगा, त्यांची डोकी तेवढी न्हाईत."

आत्याबाई पदर खोचून लेकाला आणाय निघाल्या. मालक उठून आलं असतं तर जागा गेली असती, मग खरंच समद्यांस्नी मराय लागलं असतं. मी दारात आडवी झाले. कानाशी सांगितलं. "आं?" परत सांगितलं. "काय म्हणतीस?" तिसऱ्यांदा मी लाज सोडली.

"आत्याबाई, ते रगात न्हाय! फड्याच्या बोंडाचा रंग हाय! माझंबी तसंच तांबडं हुतंय!"

गल्लीतली समदी दारं उघडली. आत्याबाई मागं फिरल्या आणि रीतीपरमाणं सांगाय गेल्या, "ती म्हणतीया की..."

"ऐकलं," मामंजी म्हणलं.

मग आतनं आवाज आला, "कुसं नीट जाळलीस का, इचार तिला."

"जाळल्यात म्हणावं," मी म्हणलं.

"मग दुपारची कर म्हणावं."

महिनाभरात हिरड्यांचं रगात थांबलं. दोन दात गेलं, बाकीचं टिकलं. मामंजी भिंतीला धरून उठाय लागलं. एक दीस चुलीपतूर आलं आणि म्हणलं, "आंबील नगं आता. भाकरी पायजे."

मडक्यात पीठ व्हतं मूठभर. आत्याबाई चुलीम्होरं बसून रडाय लागल्या.

"रडताय कशाला?" मी त्यांच्या कानात वरडले. "मेलेला माणूस भाकरी मागतोय व्हय?"

तेवढ्या पिठाची एकच भाकरी झाली. ती मामंजींस्नी वाढली, आणि आमी दोघी चिमटा घेऊन कुंपणाकडं गेलो.