अंगणात सांगायच्या खोडी

नोकरीत कुणी पैसा साठवतो, कुणी जमीन. मी गुडघेदुखी साठवली आणि किस्से. संस्थानच्या काळात जव्हारच्या कचेरीत मी कारकून होतो. तिकडची रीत अशी, की स्वतः बांधलेलं घर विकायचं तर मालकानं अंगणात पंचांसमोर घराच्या खोडी सांगायच्या, मग बायकोनं, कारण भिंती लिंपणारी तीच. खोड लपवली की व्यवहार मोडला. साक्षीला मी. डोंगर चढायचा मी, आणि शिव्या दोन्हीकडून मलाच!

*

गावातले कासमभाई सुतार म्हणाले, "खोड एकच. शेजारी."

शेजारी पंचांतच बसला होता. तो म्हणाला, "खरं आहे. पुढं चला."

*

मोखाड्याकडच्या एकानं ओल सांगितली, विंचू सांगितले, आणि मधल्या खांबापाशी येऊन गप्प झाला. खांब जाडजूड सागाचा, दरबारच्या जंगलातून चोरून आणलेला. सांगावं तर समोर दरबारचा माणूस, न सांगावं तर व्यवहार मोडतो.

शेवटी म्हणाला, "भाऊसाहेब, जरा पानी पिऊन येता का?"

मला तहान नव्हती. तरी गेलो.

*

एका बाईनं चुलीच्या धुरापासून जी सुरुवात केली ती नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत आली. पंच वैतागले, "बाई, नवरा विकायचा नाही."

"म्हणून तर सांगते," ती म्हणाली.

*

सूर्यमाळला सोमा म्हाताऱ्यानं घर विकायला काढलं होतं. त्याच्या बायकोला, देवकीला, आता उन्हाळ्यात दरीतून हंडा चढववत नव्हता. लेक बोलवत होती, पण रिकाम्या हातानं तिच्या दारात जायला सोमा तयार नव्हता. घर गेलं नाही तर देवकीला पुन्हा तीच दरी.

घ्यायला आलं होतं लांबच्या पाड्यावरचं तरुण जोडपं. सोमानं गळका कोपरा सांगितला, वाकडं दार सांगितलं. पाण्याचं बोलला नाही. मलाही वाटलं, जाऊ दे, सुटू दे बिचारी.

मग देवकीची पाळी आली. सोमा तिच्याकडे बघेना.

"पानी खाली हाय," ती म्हणाली. "लय खाली. माझ्यानं होत नाय, म्हून इकतो."

तरुण नवरा उठला आणि वाटेला लागला. त्याची बायको हलली नाही. तिनं कडेला जाऊन दरीत वाकून पाहिलं.

"आमचे पाड्यापरीस जवल हाय," ती म्हणाली. "हंडा कुठं ठेवता, दाखवा."