गाणं सुरू होण्याआधीचा तंबोरा

वैशाखातल्या दुपारी नागपुरात माणसं दारं-खिडक्या लावून घेतात, कूलर सुरू करतात आणि ऊन कलेपर्यंत एकमेकांना विसरून जातात. मनकर्णाबाई भोयर यांना ही विसरलेली दुपार फार आवडायची. नवरा, बाबाराव, जेवून दिवाणावर आडवे झाले की त्या कूलरच्या झोतापासून जरा बाजूला चटईवर बसायच्या, कानात इअरफोन घालायच्या आणि भिंतीला डोकं टेकून गाणं ऐकायच्या. कूलरमध्ये नवं गवत भरलेलं होतं. त्याचा ओला वास खोलीभर हिंडत असायचा.

काय ऐकायचं हे त्यांना शोधावं लागत नसे. खालच्या मजल्यावर राहणारी माया मुलांना गाणं शिकवायची. तिनंच त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं होतं. ग्रुपचं नाव ‘सध्या काय ऐकताय’. आपण या दिवसांत कोणतं रेकॉर्डिंग ऐकतो आहोत ते लिहायचं आणि जमलं तर पाठवायचं, बाकी काही नाही. सुप्रभात नको, फुलं नकोत. कोणी लिहायचं, आठवडाभर नुसता मारवा लावला आहे आणि संध्याकाळी घरी जावंसंच वाटत नाही. कोणी लिहायचं, केदार ऐकता ऐकता भाजी करपली. मनकर्णाबाई सगळं वाचायच्या, जे आलं असेल ते ऐकायच्या, पण त्यांनी स्वतः कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. माया जिन्यात भेटली की म्हणायची, “काकू, तुम्ही काहून नाही लिहीत कधी?”

“तुमचंच वाचून माझी दुपार भरते वं,” त्या म्हणायच्या आणि वर निघून जायच्या.

एका दुपारी ग्रुपवर प्रेमानंद नावाच्या गृहस्थांनी लिहिलं. जरीपटक्यात त्यांचं चादरी-पडद्यांचं दुकान होतं. दुकान मुलाकडे सोपवून ते आता जुन्या कॅसेटी गोळा करत फिरत. त्यांनी लिहिलं होतं : ‘सध्या ऐकतो आहे एक घरगुती बैठक. कॅसेटवर फक्त कुमुदताई, भीमपलास, रामटेक, एवढंच लिहिलं आहे. गाणं सुंदर आहे. पण मी पुन्हा पुन्हा ऐकतो ते गाणं सुरू होण्याआधीचं. कोणीतरी तंबोरा लावतं आहे. लोक हा भाग कापून टाकतात, मी ठेवला. डोळे मिटून ऐका.’

मनकर्णाबाईंनी ते दोनदा वाचलं आणि डोळे मिटले.

आधी नुसती टेपची सरसर आली, वाळू चाळल्यासारखी. ती कूलरच्या घरघरीत मिसळून गेली, इतकी की कोणती कुठली ते कळेना. मग दूर कुठेतरी भांडं वाजलं, एक पाखरू बोललं, आणि तंबोऱ्याची पहिली तार छेडली गेली. सूर किंचित खाली होता. खुंटी कुरकुरली. तार पुन्हा छेडली गेली, पुन्हा कुरकुर. आणि एक बाई अगदी जवळून, मऊ आवाजात म्हणाली, “मने, पंचम अजून जरा चढव बाळा. हं. आता राहू दे.”

मनकर्णाबाईंचा डावा हात आपोआप कानाजवळ वर गेला आणि नसलेली खुंटी चाचपू लागला.

रामटेकला गडाच्या पायथ्याशी त्यांचं माहेर. वडलांची धानाची शेती, घरात गाण्याचा गंध नाही. शेजारी कुमुदताई राहायला आल्या. मुलींच्या शाळेत त्या गाणं शिकवत, एकट्या राहत, आणि दुपारी शाळा सुटली की ओसरीवर रियाजाला बसत. मनी, म्हणजे मनकर्णा, आधी कुंपणाच्या अलीकडून ऐकायची, मग पलीकडे गेली, मग ओसरीच्या पायरीवर बसू लागली. कुमुदताईंनी तिला दोन महिने गायला बसवून पाहिलं आणि एक दिवस सरळ सांगितलं, “तुझा गळा साथ नाही देणार गं. पण तुझा कान चांगला आहे. तू माझ्या मागं बस.”

मनीला वाईट वाटलं नाही. तंबोरा मिळाला होता. मधलं बोट पहिल्या तारेवर, तर्जनी बाकीच्या तिघींवर, फिरून फिरून तेच. त्या दुपारी कशा जायच्या ते तिला कधी सांगता आलं नसतं. भोपळा मांडीवर तापायचा, गडाची सावली अंगणात सरकत यायची, समोर कुमुदताईंची पाठ असायची आणि पाठीवरचा अंबाडा सुरांबरोबर हळूहळू सैल होत जायचा. कधी कधी मनीला वाटायचं, आपण वाजवतच नाही आहोत, हा आवाज आधीपासून इथेच होता, आपण फक्त बोट लावून त्यात बसलो आहोत.

मग लग्न झालं आणि ती उमरेडकडच्या शेतकऱ्याच्या, बाबारावांच्या घरी आली; नागपूर फार नंतरचं. सासरी कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण सांगणार काय? गाणं येतं का, तर नाही. पेटी येते का, तर नाही. तंबोरा वाजवायचे, म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता, त्यावर कोणतं गाणं वाजतं? पुढं कुमुदताई वारल्याचं माहेरी गेली तेव्हा कळलं. ओसरीवर तोवर दुसरेच भाडेकरू आले होते.

आता मनकर्णाबाई रोज दुपारी तेवढाच तुकडा ऐकू लागल्या. गाणं सुरू झालं की त्या बोटानं रेकॉर्डिंग मागं न्यायच्या आणि पुन्हा सरसर, भांडं, पाखरू. हळूहळू त्यांना त्या दुपारचं सगळं दिसू लागलं. ते भांडं म्हणजे शेजारच्या विहिरीवरची बादली. मध्येच थांबून श्वास सोडणारं कोणी आहे, ती त्या स्वतः. गुढघ्याखाली सतरंजीची गाठ येत होती, ती टोचलेलीसुद्धा आठवली. डोळे उघडले की समोर नागपूरची खोली असायची, दिवाणावर बाबाराव घोरत असायचे, आणि क्षणभर या दोन खोल्यांतली खरी कोणती ते त्यांना ठरवता यायचं नाही.

एक दिवस बाबाराव घोरत नव्हते. ते कुशीवर वळून बायकोकडे पाहत होते.

“काय ऐकून राहिली वं? चार दिवस झाले पाहून राहिलो, तुह्या तोंडावर येगळंच काही दिसते.”

मनकर्णाबाईंनी एक इअरफोन काढून त्यांच्या कानात घातला. बाबारावांनी लक्ष देऊन ऐकलं. तारा लागल्या, कुमुदताई बोलल्या, आलाप सुरू झाला.

“हे बाई कोन?”

“माह्या माहेरच्या. कुमुदताई.”

“आन् तू कुठी हायस याच्यात?”

“मागं.”

बाबाराव पुन्हा ऐकू लागले. “मागं तं कोनी गाऊन नाही राहिलं.”

“गात नाही मी. ते सारखं वाजते ना, एकसारखं? ते.”

बाबारावांनी डोळे बारीक केले. मिनिटभरानं म्हणाले, “हे? हे तं थांबूनच नाही राहिलं.”

“थांबाले नाही पाहिजे.”

“बोटं दुखत नव्हते का तुहे?”

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मनकर्णाबाईंनी नुसती मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते बाबारावांना कळलं नाही. मग तो आलाप दोघांनी एकेका कानानं शेवटपर्यंत ऐकला.

त्याच संध्याकाळी मनकर्णाबाईंनी ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं. लिहायला पुष्कळ वेळ लागला, पण शेवटी राहिली ती दोनच वाक्यं : ‘प्रेमानंदजी, मीही सध्या तेच ऐकते आहे. त्यातली मनी मी आहे.’

पुढच्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, दोघं जरीपटक्याला गेली. बाजार नुकता उघडत होता, शटरं वर जात होती. दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्रेमानंदांनी एक खोली कॅसेटींनी भरून ठेवली होती. त्यांनी मनकर्णाबाईंना खुर्ची दिली, स्वतः उभेच राहिले. “जुनं सामान विकायला निघालेल्या एका घरातून ही कॅसेटींची पेटी उचलली,” ते म्हणाले. “तुम्ही सापडाल असं डोक्यातही नव्हतं. दुसरी बाजू मी ग्रुपवर टाकली नाही. तिच्यात गाणं नाही. बैठक संपल्यावर कोणी मशीन बंदच केलेलं नाही, एवढंच.”

त्यांनी कॅसेट उलटी घातली.

सतरंजी गोळा केल्याचा आवाज आला, कपबशा आल्या. कोणी पुरुष चहात साखर कमी आहे म्हणाला. कुमुदताई त्यावर काहीतरी बोलल्या, ते नीट ऐकू आलं नाही, आणि लगेच एक मुलगी हसली. मोकळं, गडगडाटी हसू होतं ते, एकदा थांबून पुन्हा फुटलेलं.

“हे कोन हसून राहिलं?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

बाबाराव पुढं वाकले होते.

“तूच होय ना ते,” ते हळूच म्हणाले.

“मी अशी नाही हसत.”

“हसत होती. लग्न झालं तवा हसत होती. मले आठोते.”

मनकर्णाबाईंनी कॅसेटच्या फिरणाऱ्या चाकांकडे पाहिलं. ती मुलगी आतल्या अंगणात कुठंतरी दूर चालत गेली असावी, कारण तिचं हसू लहान होत होत कपबशांच्या आवाजात विरघळलं. त्यांना रडू आलं नाही. उलट फार हलकं वाटलं, दुपारच्या झोपेत पाण्यावर तरंगत असल्यासारखं. प्रेमानंदांनी पुन्हा लावू का विचारलं, तर त्या म्हणाल्या, “राहू द्या. जाऊ द्या तिले.”

पण ही गोष्ट मायापर्यंत पोहोचली होती. ग्रुपवर तिनं वाचलं होतंच. पावसाळा सरता सरता तिचं एका लहानशा सभागृहात गाणं ठरलं, तशी ती वर आली आणि दारातच उभी राहिली. “काकू, मागं मशीनचा तंबोरा लावते मी नेहमी. यावेळी नको वाटतो. तुम्ही बसाल?”

“बोटं वळत नाहीत आता.”

“मग रोज सकाळी या. वळतील.”

तंबोरा मायाकडे होता, एका कोपऱ्यात गवसणीत. पहिल्या दिवशी मनकर्णाबाईंनी तो मांडीवर घेतला तेव्हा तो आठवणीपेक्षा जड निघाला. पंचम लावायला बराच वेळ लागला. आठवडाभरात मधल्या बोटाला फोड आला, त्यावर त्यांनी हळद लावली. पुढच्या आठवड्यात फोड बसला आणि तिथं कातडी निबर झाली. एका सकाळी माया भैरवाचे स्वर लावत असताना कोपऱ्यातून आधीपासूनच असल्यासारखा तो एकसारखा आवाज आला, आणि माया गाता गाता मागं वळून न बघता थोडी मागं सरकली, त्या आवाजाला टेकल्यासारखी.

बाबाराव सोबत यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र आणलं होतं. नंतर ते आणणं बंद झालं. ते दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, डोळे मिटायचे, आणि माया गायची थांबली तरी तसेच बसून राहायचे. मायाला वाटायचं, काका झोपले.

त्या भैरवाच्या सकाळी घरी परतायला जिना चढताना ते मधल्या पायरीवर दम खायला थांबले.

“ते पोरगी गाते तवा मले काही समजत नाही,” ते म्हणाले. “पर तू एकटीच लावत राह्यतेस ना सुरवातीले, तवा बरं वाटते.”

मनकर्णाबाईंनी त्यांचा हात धरला. वरच्या मजल्यावर कोणीतरी डाळ पाखडत होतं.

“उद्या जरा लवकर जाऊ मंग,” त्या म्हणाल्या.