जेट्टी जवळ आली

हल्ली मालाडच्या जिममध्ये वल्हवण्याच्या शर्यती जोरात आहेत. होडी मशीनची, आणि पाणी म्हणाल तर फक्त घामाचं! जन्मभर खरी होडी वल्हवलेला मनोरीचा कॉस्मस सत्तरीत या खुळाला लागला, तेव्हा आम्ही त्याची यथेच्छ चेष्टा केली.

त्याला एक मेडल हवं होतं. बायको विनी होडीत मासळीची पाटी घेऊन त्याच्यासमोर बसायची आणि टोमणा मारायची, "एवढं वल्हवतोस, कधी मेडल मिळालं काय रे?" आता विनी जाऊन वर्ष होत आलं होतं; चर्चमधल्या तिच्या वर्षाच्या मिस्साला ते त्याला तिच्या कबरीवरच्या क्रुसावर लटकवायचं होतं.

अंतिम शर्यतीत कॉस्मस सगळ्यांच्या पुढे होता. मशीनच्या पडद्यावर शेवटचे थोडे मीटर उरले आणि त्याने हात सैल सोडले. एकेक करून सगळे पुढे गेले.

"डॅडी, का थांबलास?" मुलगी बेव्हर्ली रडवेली झाली.

"जेट्टी जवळ आली की सोडायचं असतं गं. होडी जोरात आपटली तर विनी पाटीसकट पडेल ना."

"मशीन होतं रे ते!"

"ठाऊक आहे."

मिस्साच्या दिवशी क्रुसावर नुसताच शेवंतीचा हार होता. आमच्यातल्या एकालाही चेष्टा सुचली नाही.