जावयाच्या बोटाचं माप

लग्नात सासऱ्यांनी मला घातलेली अंगठी आठ महिन्यांत त्यांच्याच विहिरीत गेली. दोष अंगठीचा नव्हता, विहिरीचा तर नव्हताच.

सासऱ्यांनी माझं माप मागवलंच नव्हतं. केदारखेड्याच्या शिवारात आयुष्यभर औत हाकलेला माणूस. सराफापुढे त्यांनी स्वतःचं बोट धरलं आणि म्हणाले, “याच मापाची करा. जावई काय माझ्यापेक्षा बारीक असंल?” जावई शाळेतला कारकून होता. त्याच्या बोटांनी तोवर रबरी शिक्क्याहून जड काही उचललेलं नव्हतं. मग अंगठीला खालून दोरा गुंडाळला आणि मी तिला तशीच वागवत राहिलो.

पुढं सासुरवाडीला गेलो असताना बायकोच्या चुलत बहिणींपुढं रुबाब दाखवावा म्हणून पोहरा घेतला आणि पाणी शेंदायला लागलो. तिसऱ्या पोहऱ्याला ‘डुबुक’ असा इतका बारीक आवाज आला, की सोन्याचा आवाज एवढा गरीब असतो हे मला तेव्हा कळलं. सासऱ्यांनी दोन दिवस मोटार लावून विहीर उपसली. गाळात एक तांब्या सापडला, दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या चपला सापडल्या, अंगठी न्हाई.

तेव्हापासून प्रत्येक सणाला, चार माणसं बसली की सासरे म्हणायचे, “अंगठी ढिली व्हती. माप माझं चुकलं.” अन् मी मान खाली घालून भजी खायचो. दोरा सुटलेला मला त्या दिवशी सकाळीच दिसला होता, हे मी सव्वीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. म्हातारा स्वतःहून दोष घेऊन राह्यला, तर मधे बोलणारे आपण कोण, असा माझा विनय.

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाचा भाव देवाच्या खालोखाल असतो. सासऱ्यांचा फोन आला.

“पाव्हणं, धोंड्याच्या जेवणाला यायचं. या टायमाला अंगठी करून राह्यलो.”

“मामा, कशाला खर्च?” मी म्हणालो. असं एकदाच म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा म्हटलं तर लोक ऐकतात.

“ते माझं मी बघतो. तुम्ही फकस्त माप पाठवा. पर बिलकुल बराबर पाहिजे. पुन्ना हीर उपसायची ताकद न्हाई राह्यली आता.”

बायको म्हणाली, “सराफाकडं जाऊन या. त्याच्याकडं मापाच्या कड्यांचा जुडगा असतो, दोन मिनिटाचं काम.”

“जावई स्वतःच्या अंगठीचं माप देत जालन्याच्या बाजारात हिंडून राह्यला, हे बरं दिसतं का?”

खरं कारण वेगळं होतं. घरच्या घरी माप कसं घ्यावं याचा व्हिडिओ मी मोबाइलवर पाहिला होता, आणि व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला दुकानात जाणं कमीपणाचं वाटतं.

आधी शिलाईचा दोरा घेतला. तीनदा मोजला, तीन उत्तरं आली. दोरा ताणला की वाढतो आणि सोडला की आखडतो. मग वहीच्या पानाची बोटभर लांब पट्टी कापली, बोटाभोवती गुंडाळली, जिथं टोक आलं तिथं पेनाची खूण केली आणि फूटपट्टीवर ठेवली. फूटपट्टी मुलाच्या जुन्या कंपासपेटीतली. तिचा शून्याकडचा कोपरा त्यानं पाचवीत असताना चावून खाल्लेला. म्हणून एकपासून मोजून दहा मिलिमीटर वजा केले. या हुशारीवर मी इतका खूश झालो की पुढच्या चुका माफच आहेत असं धरून चाललो.

सकाळी माप आलं एकसष्ट मिलिमीटर. रात्रीच्या जेवणात लोणचं जरा जास्त झालं होतं, त्यानंतर घेतलं तर चौसष्ट.

“संध्याकाळचंच खरं धरा,” बायको म्हणाली.

“संध्याकाळी मी फुगलेला असतो. सकाळी मी मूळचा असतो.”

“मूळचे तुम्ही लग्नातल्या फोटोत आहात. आता जे आहे त्याला अंगठी घालायचीय.”

ऐकलं नाही. उलट, विहिरीची आठवण येऊन, सैल नको म्हणून पट्टी आणखी थोडी आवळली. साठ. बोटाचं पेर खालच्या भागापेक्षा जाड असतं, अंगठीला त्यावरून जावं लागतं, म्हणून तिथलंही माप घ्यावं, असं व्हिडिओत शेवटी सांगितलं होतं. पण शेवटापर्यंत तो बायकोनं पाहिला, मी नाही. मेव्हणा बियाणं न्यायला जालन्यात आला होता. त्याच्याजवळ ती पट्टी आणि आकडा दिला.

जेवणाच्या दिवशी ऊन असं होतं की मोटारसायकलची मूठ धरवत नव्हती. मी तासभर ती घट्ट धरून केदारखेड्याला पोचलो. उतरलो तेव्हा बोटं ताज्या मुळ्यांसारखी झाली होती. बायकोनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि मान हलवत आत गेली.

आम्हाला पाटावर बसवलं. सासूबाईंनी ओवाळलं. ताटात पुरणाचे धोंडे, शेजारी तुपाची वाटी. सासऱ्यांनी बंडीच्या खिशातून डबी काढली. अंगठी माझ्या बोटात घातली. ती गेली, गेली, आणि पेरावर अडून बसली.

त्यांनी जोर लावला. मी श्वास आत ओढून धरला. पोट आत घेतल्यानं बोट बारीक होत नाही, हे मला त्या क्षणी पक्कं समजलं.

“दाजी,” मेव्हणा म्हणाला, “बोट हाय का मोसंबी?”

सगळे हसले. सासरे हसले नाहीत. त्यांनी अंगठी काढून हातात घेतली, तिच्याकडं पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, “पुन्ना माप चुकलं माझं.”

मला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल. आणखी चार सण मान खाली घालायची, भजी खायची. पण म्हातारा अंगठी डबीत घालायला लागला आणि डबीचं झाकण त्याला लागेना. तेवढं मात्र बघवलं नाही.

“मामा, चूक माझी हाय. पट्टी मीच आवळली. आन् त्या टायमाचीबी माझीच. दोरा सुटला व्हता, मला दिसलं व्हतं. तरी मी पाणी शेंदायला गेल्तो.”

बायको माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं सव्वीस वर्षं घरात दुसराच कुणी राहत होता.

“मंग मी हीर कशापायी उपसली?” सासरे म्हणाले.

“मंग आम्हाला चपला कशा घावल्या असत्या!” मेव्हणा म्हणाला.

आता मात्र सासरे हसले. दात नसलेल्या तोंडानं, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सासूबाईंनी तुपाची वाटी पुढं सरकवली. “बोलत काय बसले? बोट बुडवा.” मी बोट तुपात बुडवलं, सासऱ्यांनी दोन्ही हातांनी अंगठी रेटली, मी ‘आई गं’ म्हणालो आणि अंगठी आत गेली.

त्यांनी ती ओढून पाहिली. हलेना. “चला,” ते म्हणाले, आणि जेवणाआधी मला विहिरीवर नेलं. पोहरा हातात दिला. “शेंदा.” घरात नळ होता, विहिरीवर मोटार होती, तरी मी पाच पोहरे शेंदले. अख्खं घर काठावर वाकून पाहत होतं. अंगठी जागची हलली नाही. “आता बराबर,” सासरे म्हणाले.

घरी पोचेपर्यंत बोटाचं वांगं झालं होतं. बायकोनं शिलाईचा दोरा पेरावरून गच्च गुंडाळला, त्याचं एक टोक अंगठीखालून काढून उलटं सोडवत नेलं आणि अंगठी उतरवली. त्या वेळी ती जे काही बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सराफाकडं जाऊन अंगठी वाढवून आणली. माप घ्यायला दोन मिनिटं लागली.

सराफानं माप संध्याकाळी घेतलं, त्यामुळे सकाळी अंगठी थोडी फिरते. सासऱ्यांचा फोन दर आठवड्याला येतो. “हाय ना बोटात?”

“हाय मामा. निघतच न्हाई.”

परवा परत केदारखेड्याला गेलो होतो. सकाळीच पोचलो. सासरे लगेच विहिरीकडं निघाले, मी मूठ आवळून त्यांच्या मागं.