पाठीवरच्या हाताची नोंद

१९५६, कार्तिकी एकादशी, सकाळचं भजन संपल्यावर. हजर: तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी भजनमंडळीचे प्रमुख, म्हणजे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आणि सगळेच ज्यांना 'सार' (सर) म्हणत ते; नाचियार्कोविल गावच्या समया विकणारे एक व्यापारी; माझी थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणते, आणि वही घेऊन मी.

वही अनुभवांची. कुणाला देवाची प्रचीती आली की ती वहीत उतरायची, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि पुढच्या एकादशीला वाचून दाखवायची, असा मंडळीचा जुना नेम. बाकीच्यांचा हात तमिळ लिपीला सरावलेला, म्हणून देवनागरी लिहायचं काम माझ्याकडे.

अक्काचा मुलगा काविळीनं गेला त्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून ती दोन घास ताकभातावर होती आणि कुणाशी बोलत नव्हती. या एकादशीच्या आधीच्या आठवड्यात मी तिला बसनं गोविंदपुरमला स्वामींच्या अधिष्ठानाशी, म्हणजे समाधीशी, नेलं. मी फुलं घ्यायला बाहेर गेले, तेवढ्यात तिच्या पाठीवरून कुणाचा तरी हात फिरला आणि "जेव" असा शब्द आला. मागे कोणी नव्हतं. हे तिनं घरी सांगितलं आणि पंचाईत झाली. तिच्या भावाला वाटलं, बहिणीचं डोकं फिरलं. तिला आपल्या गावी नेऊन वेड्यांच्या डॉक्टरकडे ठेवायचं त्यानं ठरवलं.

"वहीत आलं तर तो ऐकेल," अक्का म्हणाली. "या वहीला तो मानतो."

"साक्षीदार कोण?" सारांनी विचारलं.

"पाठ माझी, सार. तिथं दुसरं कोण असणार?"

"मग तो अनुभव तुम्हाला पुरेल, बाई. आम्हाला ती ऐकीव गोष्ट."

"वैनी, पुढच्या खेपेला अक्कांच्या पाठीवर दोघांना बसवूनच न्या," समईवाले मला म्हणाले.

अक्का हसली नाही. मी वही मागे चाळत गेले. समईवाल्यांचीच नोंद सापडली: समयांची गाडी नदीच्या उतारात रुतली, त्यांनी नाम घेतलं, बैल आपोआप उठले. खाली सारांची सही.

"तुम्ही नदीवर होतात, सार?"

"नाही. यांनीच मला येऊन सांगितलं."

"मग सही कसली केलीत?"

सारांनी चष्मा पुसला. "हा माणूस देवाच्या बाबतीत खोटं बोलणार नाही, याची."

"समयांच्या किमतीबद्दल सारांनी सही केलेली नाही हं," समईवाले घाईनं म्हणाले.

मग मी मोजूनच काढलं. एकूण चौदा नोंदी. अकरांत साक्षीदार जागेवर नव्हते. मला वाटलं सार रागावतील. ते उलट वर्गात शिरल्यासारखे सरसावून बसले. "एक रकाना वाढवा. कशाची साक्ष, ते ज्यानं त्यानं लिहायचं."

अक्काच्या नोंदीखाली मी माझ्या सहीपुढे लिहिलं: हात पाहिला नाही. शब्द ऐकला नाही. त्या दुपारी घरी येऊन अक्कानं स्वतः पान मांडलं, पोटभर जेवली आणि उडदाच्या डांगरात मीठ कमी पडलं म्हणून मला बोलली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"कमीच होतं," अक्का म्हणाली.

सारांनी खाली लिहिलं: आज बाईंशी बोललो. बोलणं धड आहे. जेवण्याचं कारण मला ठाऊक नाही. सही.

जेवण्यावरून हात सिद्ध होत नाही, एवढं मलाही कळतं. पण ज्या बाईला आम्ही सगळ्यांनी मिळून जेवू घालू शकलो नाही, ती जेवली. सांगणारीचं नंतर काय झालं, हेही तिच्या सांगण्याच्या बाजूनं धरायला हवं, असं माझं मत झालं ते त्या दिवशी.

पानाची नक्कल मी भावाला पोस्टानं पाठवली. तो आला, दोन दिवस अक्काच्या हातचं जेवला आणि एकटाच परत गेला. अक्का आता भजनात बायकांच्या बाजूनं सूर धरते.

जुन्या अकरा नोंदींचा नवा रकाना भरायचं काम माझ्यावर पडलं. सात नोंदींच्या साक्षीदारांकडे जाऊन आले. एकानं सही खोडायला लावली. दोघांना सांगता सांगता इतकं आठवलं की जागा पुरली नाही. चार राहिल्या आहेत. त्यांतल्या एका नोंदीखाली सही माझीच आहे, आणि तिथं काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.