गोंदावर आळ

रविवार, १२ एप्रिल १९९८. गच्चीत वर्षाचे गहू वाळत घातलेत आणि मी कबुतरं हाकत बसलेय. हात मोकळे आहेत, म्हणून लिहितेय. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

चौटा बाजारातून मी एक चपटी डबी आणली होती. आत मरून रंग, झाकणाला आरसा. तोच रंग पापण्यांना, तोच ओठांना. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला सोयीची. काही वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, माझा डोळा आला. वर्षअखेरीला रजा कोण देणार? बोटानं पापणीवर तो रंग फिरवला, वर चष्मा चढवला. घरीसुद्धा कुणाला कळलं नाही.

त्याच आठवड्यात, रविवारी, माझ्या नणंदेला, सुनंदाला, बघायला पाहुणे यायचे होते. शुक्रवारी तिनं डबी मागितली. देऊ नये, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण का नाही, ते सांगावं लागलं असतं — म्हणून थट्टा केली. "ओठांना लाव, डोळ्यांना लाव, उरलं तर चौकटीला लाव!"

रविवारी सकाळी तिचे दोन्ही डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या. "डोयास्ले काय जायं वं?" सासूबाई घाबरल्या. पाहुणे तर निघालेले होते.

बघायला आलेल्या मुलाच्या आत्यानंही तेच विचारलं. डोळे आलेत, माझेच लागलेत — एवढंच सांगायचं होतं ना? सुनंदा घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. त्या कमाईवर तिचं कॉलेज चाललं होतं. मी म्हटलं, "गोंदाचं काम करते ना, त्यानं होतं तिला अधूनमधून."

अधूनमधून! म्हणजे मुलीचे डोळेच अधू. संध्याकाळी नकार आला.

"वहिनी, याआधी मला कधी झालं होतं हो?" सुनंदानं विचारलं.

मी कपबशा विसळायला घेतल्या. सासूबाईंनी तिचं काम बंद केलं, तेव्हाही विसळतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बँकेत जायच्या आधी, तिच्या अर्धवट साड्यांचं गाठोडं मीच व्यापाऱ्याकडे नेलं. जिन्यात सुनंदानं डोळे किलकिले करत एका बाजूनं हात दिला. व्यापाऱ्यानं कारण विचारलं.

"तिला गोंद सोसत नाही," मी म्हटलं.